राख, गाळ आणि थांबलेले पंखे: पर्यावरण मूल्यांकनाविषयी खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनसुनावणीची नोटीस निघाली की गावोगावहून फोन सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या लोकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नव्हता. ज्यांची सुनावणी तोंडावर आली आहे त्यांनी शेवटचे तीन प्रश्न आधी वाचावेत आणि बाकीचं सवडीने.

ईआयए, ईआयए म्हणतात ते नेमकं काय?

पर्यावरणीय आघात मूल्यांकन. एखादं धरण, वीज केंद्र, खाण किंवा कारखाना उभारण्याआधी त्याचा पाणी, हवा, जमीन, पिकं, जंगल आणि माणसं यांच्यावर काय परिणाम होईल याचा अंदाज बांधायचा, आणि तो पाहून मंजुरी द्यायची की नाही हे ठरवायचं. आपल्याकडे हे १९९४ च्या अधिसूचनेने सक्तीचं झालं. सध्या चालते ती १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना, पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ खाली काढलेली. मोठे प्रकल्प ‘अ’ वर्गात, त्यांचा निर्णय दिल्लीत. त्याखालचे ‘ब’ वर्गात, त्यांचा निर्णय मुंबईत राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे. २००६ पासून त्यात इतक्या दुरुस्त्या झाल्या आहेत की मूळ कागद वाचून कुणी काही ठामपणे सांगत असेल तर त्याला ताजी दुरुस्ती विचारा.

मग ‘प्रकल्पाचं पूर्ण आयुष्य मोजा’ ही मागणी कशासाठी? आत्ताचं मूल्यांकन अर्धवट आहे का?

कागदावर नाही, व्यवहारात आहे. अहवाल उघडून पाहा. बांधकामाच्या काळातली धूळ, यंत्रांचा आवाज, मजुरांच्या वस्तीचं सांडपाणी यावर पानंच्या पानं असतात. प्रकल्प चालू असतानाच्या धुरावर आणि पाण्यावरही बरंच लिहिलेलं असतं. पण तीस-चाळीस वर्षांनी प्रकल्प म्हातारा होईल, बंद पडेल, कुणीतरी भंगार उचलून नेईल आणि मागे काहीतरी उरेल, त्याबद्दल एखादा परिच्छेद सापडला तरी नशीब. पुढच्या टोकाचं तसंच मागच्या टोकाचं. प्रकल्पाला लागणारा मुरूम कुठून येणार, वाळू कुठल्या नदीतून उपसणार, हे ‘स्थानिक पातळीवर उपलब्ध’ या तीन शब्दांत संपतं.

गंमत अशी की २००६ च्या अधिसूचनेला जोडलेल्या नमुना-१ मध्ये प्रश्न विचारताना ‘बांधकाम, चालवणे किंवा मोडीत काढणे’ असे तिन्ही टप्पे लिहिलेले होते. म्हणजे कायदा करणाऱ्याला ते सुचलं होतं. अर्ज भरणाऱ्याने तिथे ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ लिहिलं आणि तपासणाऱ्याने ते चालवून घेतलं. मी पाहिलेल्या बहुतेक अर्जांत हेच होतं.

दीपनगरचं उदाहरण नेहमी का दिलं जातं?

कारण एकाच कुंपणाच्या आत एका वीज केंद्राच्या सगळ्या पिढ्या पाहायला मिळतात. भुसावळजवळच्या या औष्णिक केंद्रात पहिला संच साठच्या दशकाच्या शेवटी सुरू झाला, तो केव्हाच मोडीत निघाला. मग २१० मेगावॉटचे दोन संच आले, १९७९ आणि १९८२ मध्ये. २०१२ मध्ये ५०० मेगावॉटचे दोन. त्यानंतर ६६० मेगावॉटचा नवा. आता तारखा जुळवा. पहिले तीन संच आले तेव्हा ईआयएचा कायदाच नव्हता. त्यांची राख मात्र आजही तिथेच आहे.

राखेचा हिशेब सोपा आहे. पूर्ण भाराने चाललेला ५०० मेगावॉटचा एक संच दिवसाला साधारण सात-आठ हजार टन कोळसा खातो. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के. म्हणजे एका संचाची रोजची राख दोन-अडीच हजार टनांच्या पुढे. यातली काही सिमेंट कारखान्यांना, विटभट्ट्यांना आणि रस्त्यांच्या भरावाला जाते. उरलेली पाण्यात कालवून नळांतून वेल्हाळ्याच्या बंडात, म्हणजे राख साठवायला बांध घालून केलेल्या तळ्यात. उन्हाळ्यात वारा सुटला की ती कुठे जाते हे त्या बाजूच्या बायाबापड्यांना विचारा, घरातली भांडी दाखवतील.

राखेच्या वापराची पहिली अधिसूचना १९९९ ची, नवी ३१ डिसेंबर २०२१ ची. नव्या नियमात पूर्ण राख वापरण्याचं बंधन आहे आणि न वापरल्यास दंड आहे, साठलेल्या जुन्या राखेचाही विचार आहे. चांगली गोष्ट. पण हा स्वतंत्र नियम आहे, आणि तो आला तेव्हा बंड कधीच भरले होते. मूल्यांकनात पहिल्याच दिवशी ‘हा संच पंचवीस वर्षांत एवढी राख करील, एवढी जागा लागेल, केंद्र बंद झाल्यावर बंडावर मातीचा थर कोण टाकील आणि खालच्या विहिरींचं पाणी किती वर्षं तपासलं जाईल’ असं लिहून घेतलं असतं, तर आज भांडायला हातात कागद असता.

धरणालाही आयुष्य असतं का?

असतं, आणि ते गाळ ठरवतो. हतनूर पाहा. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते आणि दोन्ही नद्यांचं गढूळ पाणी या धरणात उतरतं. पावसाळ्यात ४१ दरवाजांतून पाणी सोडलं जातं तरी गाळ मागे राहतोच, आणि त्याने साठवण बरीच खाल्ली आहे. दीपनगरचं वीज केंद्र, औद्योगिक वसाहत आणि कितीतरी गावांची तहान याच धरणावर. धरण बांधताना गाळाचा एक दर धरलेला असतो आणि त्यावरून आयुष्य काढलेलं असतं. तो दर चुकला तर पुढे काय, याचं उत्तर कुणाच्याच फायलीत नसतं. वरच्या पाणलोटात झाडं तुटली, नांगरट वाढली की दर बदलतो. म्हणून मूल्यांकन एकदाच करून भागत नाही.

अमळनेर तालुक्यातल्या पाडळसे धरणाची गोष्ट उलटी. नव्वदच्या दशकात मंजूर झालेलं हे निम्न तापीचं काम दशकं उलटली तरी रेंगाळत राहिलं. निधी आला की थोडं पुढे, आटला की बंद. एवढ्या काळात खोऱ्यातली पिकं बदलली, विहिरींची खोली बदलली, माणसंही बदलली. नियमाप्रमाणे अहवालातली मूळ माहिती सादर करताना तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. पण एकदा मंजुरी मिळाली की ती माहिती वीस वर्षांनी किती खरी उरली हे कोण पाहतो? नदीखोरे प्रकल्पाची मंजुरी आता १३ वर्षांपर्यंत ग्राह्य असते आणि खाणीची ३० वर्षं, वर आणखी २० वाढवता येतात. तीस वर्षांत माणसाचं पोर बाप होतं.

‘अटी नंतर पूर्ण करू’ असं म्हणून मंजुरी देता येते का?

देतात. सातपुड्यातल्या लोकांना याचा अनुभव सर्वांत जास्त. सरदार सरोवराला केंद्राने जून १९८७ मध्ये पर्यावरण मंजुरी दिली, तीच सशर्त. पाणलोट क्षेत्राचा विकास, वनीकरण, पुनर्वसन यांचे अभ्यास आणि आराखडे मागाहून, बांधकामाबरोबरच पूर्ण करायचे ठरलं. धरणाची भिंत वर चढत गेली आणि अभ्यास मागे पडत गेले. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडितात आली, मणिबेली त्यातलं पहिलं. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये हेच सांगितलं की मूलभूत माहितीच नीट गोळा झालेली नाही, आणि १९९३ मध्ये बँकेचं कर्ज थांबलं. धरण मात्र १३८.६८ मीटरपर्यंत गेलंच.

या प्रश्नावर माझं मत लपवण्यात अर्थ नाही. ज्या अटीवर माणसांची घरं अवलंबून आहेत ती अट आधी पूर्ण व्हायला हवी, बांधकाम नंतर.

साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्या आणि सोलर प्रकल्प तर स्वच्छ ऊर्जा. त्यांना कशाला मूल्यांकन?

साक्रीकडच्या एका शेतकऱ्याने मला विचारलं होतं, “भाऊ, पंखा बंद पडना ते त्याले खाले कोन उतारी?” या विषयावर इतका नेमका प्रश्न मी कुठल्या तज्ज्ञाकडूनही ऐकलेला नाही.

ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं जंगल उभं आहे. तिथल्या जुन्या यंत्रांनी वीस वर्षांच्या आसपास वय गाठलं आहे, आणि पवनचक्कीचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षं धरतात. पोलादी खांब भंगारात विकला जाईल, त्याची चिंता नाही. पाती फायबरग्लासची, ती वितळत नाहीत आणि कुणी विकतही घेत नाही. जमिनीखालचं काँक्रीट तर फोडायलाच पैसे लागतात. पवनऊर्जा आणि सौरऊर्जा प्रकल्प २००६ च्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत, त्यामुळे मूल्यांकन नाही, जनसुनावणी नाही आणि मोडीत काढण्याची अटही नाही. शेतकऱ्याच्या करारात असेल ती, आणि करार कुणी वाचून सही करतं?

साक्री तालुक्यातल्याच शिवाजीनगरचा सरकारी सौर प्रकल्प १२५ मेगावॉटचा. सौर पॅनेलसाठी निदान ई-कचरा नियम २०२२ लागू झाले आहेत, त्यात जुने पॅनेल २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पवनचक्कीच्या पात्यांना तेवढाही आधार नाही.

मी कोळशाचा वकील नाही. दीपनगरच्या राखेपुढे पंख्याचं पातं म्हणजे काहीच नव्हे. पण ‘स्वच्छ’ म्हटलं की प्रश्नच विचारायचा नाही, ही सवय वाईट. या प्रकल्पांना शंभर पानी अहवालाची गरज नाही. प्रकल्प बंद झाल्यावर काय करायचं याचा चार पानी बंदीकरण आराखडा आणि बँकेत ठेवलेली रक्कम पुरेल.

महामार्ग आणि रेल्वेचं काय?

रेल्वेला या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागतच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेला मनमाड–इंदूर मार्ग ३०९ किलोमीटरचा, धुळे-शिरपूरमार्गे जाणार. खान्देशाला तो हवाच आहे, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्याची वाट पाहतोय. वनजमीन गेली तर वन विभागाची परवानगी लागेल, पण भरावाचा मुरूम कुठल्या टेकड्या खाऊन येणार याचा एकत्रित हिशेब कुणी मागणार नाही.

महामार्गांना, ठरावीक लांबीपुढच्या, मंजुरी लागते. पण रस्ता एका फायलीत, खडीची खाण दुसऱ्या, मुरमाचं उत्खनन तहसीलदाराकडे तिसऱ्या, डांबराचा प्लांट प्रदूषण मंडळाकडे चौथ्या. प्रत्येक तुकडा लहान, म्हणून प्रत्येकाचा परिणाम ‘नगण्य’. जुन्या सहा नंबरच्या महामार्गाच्या चौपदरीकरणात धुळे-जळगाव पट्ट्यातल्या टेकड्यांचं काय झालं ते एसटीच्या खिडकीतूनही दिसतं.

गिरणेच्या वाळूला हे लागू करता येईल?

वाळूच्या लहान गटालाही, म्हणजे उपशासाठी दिलेल्या नदीपात्राच्या तुकड्यालाही, पर्यावरण मंजुरी लागते, सर्वोच्च न्यायालयाच्या २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार निकालापासून. त्यानंतर जिल्हा सर्वेक्षण अहवाल आले. अडचण अशी की मोजमाप गटाचं होतं आणि मरते नदी. एका गटाचं ‘पूर्ण आयुष्य’ मोजून उपयोग नाही. गिरणेचा एखादा मोठा टप्पा धरून दर पावसाळ्यात किती वाळू नव्याने येते ते मोजा आणि त्याच्या आतच उपसा. बाकी रात्रीच्या डंपरांवर कुठलं मूल्यांकन चालतं, हे इथे लिहून कुणाला नव्याने सांगायला नको.

अहवाल कोण लिहितं? कंपनीच्याच पैशाने ना?

हो. सल्लागार संस्था मान्यताप्राप्त असावी लागते, पण तिची निवड आणि पैसे प्रकल्पवाल्याचेच. नवरीकडच्या माणसाने मध्यस्थी करावी तसं. एका जनसुनावणीत आमच्या हातात आलेल्या अहवालात केळीचा उल्लेखच नव्हता, रावेर-यावल पट्ट्यातल्या प्रकल्पाच्या अहवालात! मुख्य पिकांत भात लिहिलेला होता. दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्याचं पान उचलून लावलं असावं. सभेत हशा झाला, पण त्याच अहवालावर प्रस्ताव पुढे गेला.

उपाय अनेकांनी सुचवला आहे. पैसे प्रकल्पवाल्याने एका सामायिक निधीत भरावेत आणि प्रदूषण मंडळाने सल्लागार नेमावा.

मंजुरी मिळाल्यावर लक्ष कोण ठेवतं?

प्रकल्पवाला स्वतःच. दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल त्यानेच द्यायचा. केंद्राचं देखरेख करणारं कार्यालय नागपूरला, आपल्यापासून रात्रभराच्या प्रवासावर. २०२० च्या मार्चमध्ये केंद्राने काढलेल्या नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात हा अहवाल वर्षातून एकदाच द्यावा असं सुचवलं होतं, आणि लोकांना हरकतीसाठी मिळणारे ३० दिवस २० करायचे होते. देशभरातून हरकती गेल्या आणि तो मसुदा अंतिम झाला नाही.

आधी बांधायचं आणि नंतर मंजुरी घ्यायची, हे चालतं का?

यावर न्यायालयातच गाडी पुढे-मागे झाली आहे. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वनशक्ती’ या संस्थेच्या प्रकरणात अशी मागाहूनची मंजुरी बेकायदा ठरवली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. तुमच्या गावात असं प्रकरण असेल तर वकिलाला आजची स्थिती विचारा.

नेमक्या कोणत्या सुधारणा मागायच्या?

सगळ्यात आधी पैसा. प्रकल्प सुरू होण्यापूर्वी बंदीकरणाची रक्कम वेगळ्या खात्यात किंवा बँक हमीच्या रूपात ठेवायला लावा. खाणींना खाणबंदी आराखडा आणि त्यासाठीची आर्थिक हमी आधीपासून लागते, म्हणजे कल्पना परकी नाही. तीच वीज केंद्रांना, रासायनिक कारखान्यांना आणि पवनचक्क्यांना लावायची. कंपनी विकली गेली, दिवाळखोरीत गेली तरी ती रक्कम हलू नये. माझ्या मते बाकी सगळ्या मागण्या सोडाव्या लागल्या तरी ही सोडू नये.

त्यानंतर दर पाच वर्षांनी फेरतपासणी. अहवालात जे भाकीत केलं होतं आणि प्रत्यक्षात जे झालं ते शेजारी शेजारी मांडायचं, तेही गावात, मराठीत. भाकीत चुकलं असेल तर अटी बदलायच्या. आज चुकलेल्या भाकिताबद्दल सल्लागाराला कुणी विचारतही नाही, त्यामुळे तो काहीही लिहायला मोकळा असतो.

जोडकामं एकत्र मोजा, हेही मागा: खडीची खाण, राखेचा बंड, पारेषण वाहिनी, रेल्वे सायडिंग. आणि एकाच खोऱ्यात पाच प्रकल्प असतील तर पाचांचा मिळून तापीवर काय भार पडतो ते.

यामुळे प्रकल्प लांबतील, रोजगार जाईल. त्याचं काय?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आमच्याकडची पोरं पुण्याला, सुरतेला जातात, कारण इथे काम नाही. लहान कारखानदाराला शंभर कागद मागितले तर तो सरळ गुजरातची वाट धरतो, नवापूरपासून सीमा किती लांब आहे? म्हणून मागणी मोजूनमापून हवी. जिनिंग किंवा केळीच्या चिप्सच्या कारखान्याला हे लावणं वेडेपणा आहे. पण वीज केंद्र, धरण, रसायनं, मोठी खाण यांच्या एकूण खर्चात बंदीकरणाची रक्कम सुरुवातीलाच बाजूला काढणं जड नाही. नंतर तोच खर्च सरकारवर, म्हणजे आपल्यावरच येतो, किंवा कुणीच करत नाही.

बाहेरच्या देशांत काय करतात?

अमेरिकेत असा पहिला कायदा १९६९ चा. युरोपीय संघाने २०१४ च्या दुरुस्तीत, जिथे लागू असेल तिथे, पाडकामाच्या परिणामांचाही विचार करायला सांगितलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये म्हटलं की तेलविहिरीच्या मूल्यांकनात ते तेल पुढे जाळल्यावर होणारा धूरही मोजला पाहिजे. एवढं पुरे. त्यांची नक्कल करायची गरज नाही, आपल्याकडे राख आणि गाळाचे पुरेसे धडे आहेत.

जनसुनावणीत उठून काय विचारू? मला इंग्रजी येत नाही.

मराठीतच बोला, तो तुमचा हक्क आहे. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा नसलेला अधिकारी असतो. नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि ग्रामपंचायतीत ठेवलेला असतो. त्याची झेरॉक्स काढा आणि पेन घेऊन बसा.

लांब भाषण नको, तीन मिनिटांत चार प्रश्न विचारा. प्रकल्प किती वर्षं चालणार? बंद झाल्यावर जागा कोणत्या स्थितीत परत मिळणार? त्याला किती पैसे लागतील आणि ते आज कुठे ठेवले आहेत? कंपनी विकली तर जबाबदार कोण? उत्तर ‘नियमानुसार करू’ असं आलं तर ‘कोणत्या नियमानुसार’ एवढंच परत विचारा. लेखी निवेदनही द्या आणि पोच घ्या. सुनावणी संपताना नोंदी मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. लोक चहाला उठतात तेव्हाच ते वाचन उरकलं जातं, तर कुणीतरी शेवटपर्यंत थांबा आणि आपला प्रश्न नोंदीत आला का ते ऐका. नसेल तर तिथेच हात वर करा.

आमचं गाव पेसा क्षेत्रात आहे. वेगळं काही?

पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणारा कायदा. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर अशा अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचं स्थान वेगळं आहे, आणि वनहक्काच्या दाव्यांचा निकाल लागेपर्यंत वनजमीन वळवण्याला ठाम हरकत घेता येते. जनसुनावणी म्हणजे ग्रामसभा नव्हे. सुनावणीला सह्या झाल्या म्हणून ग्रामसभेची संमती झाली असं कुणी सांगितलं तर मानू नका, ग्रामसभेचा ठराव वेगळा करा आणि त्यात बंद होण्यानंतरच्या जमिनीचा मुद्दा लिहा.

मंजुरी मिळून गेली असं आता कळलं. उशीर झाला का?

पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस असतात, सबळ कारण दिलं तर आणखी ६० पर्यंत सवलत मिळू शकते. त्यापुढे नाही. मंजुरीची जाहिरात दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते, आदेशाची प्रत ग्रामपंचायतीला जाते आणि मंजुऱ्यांसाठीच्या केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवरही चढते. यातली जी तारीख सर्वांत आधीची असेल तीच धरून दिवस मोजा. ग्रामसेवकाकडे जाऊन आवक नोंदवही मागा आणि प्रत कोणत्या तारखेला आली त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.